पाठमोऱ्या खुर्च्या

कॉनवीच्या किल्ल्याजवळच्या त्या कॅरॅव्हॅन तळावर समुद्राकडे कुणी ढुंकून बघत नसे. नवी गाडी आली, की सगळे चहाचे मग घेऊन फाटकाकडे खुर्च्या वळवत आणि मागे जोडलेलं कॅरॅव्हॅनचं चाकांवरचं घर रिव्हर्स घेताना चालकाची कशी फजिती होते ते बघत. ग्लेनिसही तीस वर्षं त्यांच्यात बसून खदखदून हसली होती, कारण तिची कॅरॅव्हॅन नवरा इमरिस एका झटक्यात लावायचा.

इमरिस मार्चमध्ये गेला. जूनमध्ये ती एकटीच आली. शिव्या घालत तिने सहा वेळा मागे-पुढे केलं, कुंपणाचा एक खांब आडवा केला, आणि सातव्यांदा कॅरॅव्हॅन एकदाची जागेवर बसली. आता टोमणे ऐकायचे, म्हणून दात आवळून ती खाली उतरली.

सगळ्या खुर्च्या समुद्राकडे तोंड करून होत्या.

तळावरच्या सगळ्यात तिखट जिभेच्या इडवलने मान न वळवता विचारलं, "आलीस होय गं? आम्हाला पत्ताच नाही. चहा घे."

चहाचा मग दोन्ही हातांत धरून ती त्यांच्या रांगेत बसली. "उपकार केलेत, मेल्यांनो."

"कसले उपकार? समुद्र बघतोय आम्ही," इडवल म्हणाला. "तीस वर्षांत पहिल्यांदा."