शीड नव्हतंच

धरणाच्या पाण्यात शिडाच्या दोन होड्या धडकल्या आणि दर्शनाचे वडील गणू बुडाले. होडी सापडली, शीड मात्र नाही. ते आईच्या पिवळ्या लुगड्याचं होतं. फाटलं तिथे तिनेच लाल ठिगळ लावलं होतं.

शहापूरच्या कोर्टात दुसऱ्या होडीचा कोंडू शपथेवर म्हणाला, "गणूच्या होडीला शीड नव्हतंच, साहेब. असतं तर मला लांबूनच दिसलं नसतं का?"

दर्शना मागच्या बाकावर बसून ऐकत होती.

जेवणाच्या सुट्टीत कोंडूने बाहेर कट्ट्यावर भाकरीचं फडकं सोडलं. "ये गो पोरी, दोन घास खा. आमी काय परके नाय."

दर्शनाने भाकऱ्या त्याच्या हातावर ठेवल्या आणि लाल ठिगळाचं ते पिवळं फडकं घेऊन ती कोर्टाच्या पायऱ्या चढली.