रिकामं मशीन

सुताराने नक्षीचं मशीन शिकंज्यात आवळलं, त्याचं तोंड हवेत ठेवून ते सुरू केलं आणि हातात पटाशी घेतली.

आज नववा दिवस. मशीन घरभर ऐकू जाईल असं किंचाळत होतं आणि तो त्याच्या शेजारी बसून दाराच्या फळीवर हातोडी-पटाशीने फूल कोरत होता. कोणी पाहिलं असतं तर म्हातारा कामातून गेला म्हटलं असतं. पण पाहणारं कोणी नव्हतं. भिंतीपलीकडच्या खोलीत त्याची बायको अंथरुणाला खिळलेली होती, आणि हा सगळा आवाज तिच्यासाठीच चालला होता.

नक्षीचं जुनं मशीन चोवीस वर्षं टिकलं. जड होतं, बेढब होतं, पण त्याचा फिरता दांडा केसभरही हलायचा नाही. पेन्सिलीच्या रेघेवर धरलं की तेवढी रेघच खायचं. मग त्याची मोटर जळली, आणि याचे भाग आता मिळत नाहीत म्हणून दुरुस्तीवाल्याने हात वर केले. हे बायकोच्या कानावर गेलं. तिने त्याला न विचारता, सेवेला येऊन राहिलेल्या धाकट्या बहिणीला दुकानात पिटाळलं. बहीण पडली शिवणकाम करणारी. तिला त्यातलं काय कळणार? हे काय नि ते काय, सगळी सारखीच, असं दुकानदार म्हणाला, आणि ती घेऊन आली.

पिवळंधमक, हलकं, वर तीन बटणं आणि पुढे दिवा. बडा घर पोकळ वासा. भिंतीत चार भोकं पाडायला कुणी वापरलं असतं तर तक्रार नव्हती. पाकळीच्या कडेला मात्र दांडा लटपटला, पातं उसळलं आणि अर्धं फूल खाऊन गेलं. ती फळी त्याने भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि हात झटकत आत गेला. बायको उशीवरून मान उचलून वाटच पाहत होती. कसं आहे, म्हणून विचारलं.

"लोण्यात सुरी फिरावी तसं," तो म्हणाला.

ती हसली. महिनाभरात तशी हसली नव्हती.

"सुटले बाई. माझ्यामागे तुमची मनगटं कोण चोळत बसणार, याचाच घोर होता जिवाला."

एवढं ऐकल्यावर खरं सांगणार कुठल्या तोंडाने? तेव्हापासून हे सोंग. काम हातानेच करायचं आणि मशीन नुसतं फिरत ठेवायचं. संध्याकाळपर्यंत मनगटं टम्म सुजायची. ती झाकायला तो बाह्या खाली ओढून, बटणं लावूनच तिच्यासमोर जायचा.

या घरात एक नियम होता. तो पाकळी कोरत असताना हाक मारायची नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने एकदा जेवायला हाक मारली होती. हात दचकला, टवका उडाला आणि चार दिवसांचं काम वाया गेलं. तो काही बोलला नव्हता, पण ती दोन दिवस रडली होती. त्यानंतर ती कामात कान ठेवून असायची. हातोडीचा ठोका थांबला, म्हणजे पाकळी झाली. मग हाक.

आज हात चांगला चालला होता. सहा पाकळ्या झाल्या, सातवी वळणावर आली. फळीवर सावली पडली म्हणून त्याने वर पाहिलं, तर दारात मेहुणी उभी. ती काहीतरी बोलली. त्या आवाजात त्याला ऐकू आलं नाही, आणि तिने ते पुन्हा सांगितलं नाही.

तो उठला. खोलीच्या उंबऱ्यावर सवयीने थांबून त्याने बाह्यांची बटणं लावली.

बायको भिंतीकडे वळून निजली होती. एक तळवा भिंतीला टेकलेला. त्याने तो हातात घेतला तेव्हा सगळं कळलं. तो खाली बसला. मग त्याने मागे उभ्या मेहुणीकडे पाहिलं.

"मला बोलवायचं नाही का?"

"उठले होते मी, भावजी. ताईने हात सोडला नाही." मेहुणीने पदराने तोंड पुसलं. "म्हणाली, ते हाताने कोरतायत, मधेच उठवू नको. मशीन लाकडात शिरलं की आवाज जाड होतो, हे नुसतं रिकामं फिरतंय. पहिल्या दिवसापासून माहीत होतं तिला. बाह्यांची बटणं तुम्ही जन्मात कधी लावली होती का?"

त्याने आपल्या बाह्यांकडे पाहिलं.

"ठोका थांबला की हाक मार म्हणाली. दोघी कान देऊन बसलो होतो. पण त्या आवाजात ठोकाच ऐकू येईना. मग तिने भिंतीला हात लावून पाहिलं."

पलीकडे मशीन किंचाळतच होतं. ते बंद करायला हवं, असं मेहुणी म्हणाली, तेव्हा तो उठला. कामाच्या खोलीत जाऊन त्याने बटण दाबलं. घर एकदम गप्प झालं.

सातवी पाकळी अर्धवट होती. तो फळीपुढे बसला. त्याने पटाशी खाली ठेवली, हातोडी खाली ठेवली, आणि आता हाक येईल म्हणून भिंतीकडे कान देऊन बसून राहिला.