सातव्या लाइनीतल्या तिघी

"आजही आधी मीच बोलते," लिंफो म्हणाली.

मशीनं सुरू व्हायला अवकाश होता. मासेरू शहरातल्या त्या कपड्यांच्या कारखान्यात सातव्या लाइनीच्या बायका ब्लँकेटं पांघरून तिच्याभोवती गोल करून उभ्या होत्या. रोज सकाळी असंच. जिचं अडलं असेल तिनं सांगायचं, जिचा हात मोकळा असेल तिनं मदतीला जायचं. पहिली चूक सांगायची ती मात्र लाइनप्रमुख लिंफोनं, स्वतःची. या सवयीनं एकमेकींवर खेकसणाऱ्या बायका एकमेकींच्या बाह्या जोडून द्यायला लागल्या होत्या. सातव्या लाइनीचा माल सगळ्यांच्या आधी पुरा व्हायचा. लिंफोला त्या म्मे म्हणत, आईला म्हणावं तसं.

"वरच्यांना आपल्यातल्या तिघी जास्त वाटतायत. कामावरून काढायची नावं मी द्यायची आहेत, आज दुपारी. तुमच्यापासून लपवणं मला जमेना."

केनेउए बोलली. लाइनीत सगळ्यात तोंडाळ तीच.

"म्हणजे भराभर काम केलं, त्याची ही शिक्षा?"

"हो."

"मग एवढी एकी शिकवलीस कशाला, म्मे? भांडत होतो तेच बरं होतं. तेव्हा सगळ्या लागत होतो."

मागे कुणीतरी हसली आणि लगेच गप्प झाली. लिंफोनं सवयीनं विचारलं, "कुणाचं काही अडलंय?"

"माझं नाही," केनेउए म्हणाली. तिच्या बोटाला चिंधी गुंडाळली होती. चिंधीवर रक्त उमटलं होतं.

"माझंही नाही."

"माझंही नाही, म्मे."

गोल पुरा झाला. एकमेकींकडे न बघता सगळ्या मशीनवर जाऊन बसल्या.

दुपारी लिंफो व्यवस्थापक मोलेफींच्या खोलीत गेली. "न्ताते," ती वडिलांना म्हणावं तसं म्हणाली, "पहिलं नाव माझं लिहा."

मोलेफींनी मान हलवली. माणूस वाईट नव्हता. "तुझं कसं लिहू? तुझ्यामुळेच तर त्या तिघी जास्त झाल्या. पुढच्या महिन्यापासून आठवी लाइनही तुलाच द्यायची म्हणतायत."

"मग मी नावं देत नाही."

"नको देऊस. नावं नाही आली तर अख्खी लाइन बंद करा, असा निरोप आहे. माझ्या हातात काय आहे, सांग बाई."

शेवटी लिंफोनं तीन नावं सांगितली. कुणाचा हात थरथरतो, कुणाची कंबर धरते, कुणाला काळ्या कापडावरचा काळा दोरा दिसत नाही, सगळं तिला ठाऊक होतं. दुसऱ्या कशावरून निवडणार होती ती?

सुट्टी झाल्यावर फाटकाशी लिनेओ दिसली. तिसरं नाव तिचं होतं. ती रडली नव्हती की ओरडली नव्हती. लिंफो तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"शिव्या दे हवं तर. पण काहीतरी बोल."

लिनेओनं खांद्यावरच्या ब्लँकेटला चाचपत पिन लावली.

"डोळ्यांचं मी घरी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं, म्मे," ती म्हणाली. "तुझ्या गोलातच तेवढं बोलले."