सिंक राहू दे

मुलाने लॅपटॉप आईसमोर, कपड्यांच्या घड्यांवरच ठेवला.

"आई, तुझ्या मोबाइलवर मी माझंच खातं टाकून दिलं होतं, तिथेच घोळ झाला. तू तिकडे जे शोधतेस ते सगळं इकडे दिसतं. आज मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर ब्राउझर उघडला, तर काय? 'एकट्या बाईसाठी भाड्याची खोली, खिडकी हवी.' त्याखाली 'शिलाई मशीन जिन्यावरून वर कसं न्यायचं.' साहेबांसकट सगळे हसले. माझी शोभा झाली."

आई ब्लाउजला हुक लावत होती. तिने दोरा दाताने तोडला. "मग?"

"मग काय, सिंक बंद करून टाकतो. तुझं तुझ्याकडे, माझं माझ्याकडे."

"मला महिन्यापूर्वीच कळलं होतं ते. तुझी विमानाची तिकिटं माझ्या मोबाइलवर दिसायला लागली तेव्हा. तुझी बायको म्हणाली, बंद करून देते. मी म्हटलं, राहू दे."

"म्हणजे माहीत असून तू हे लिहीत होतीस?"

"माझं मशीन बाल्कनीत टाकलंत, तेव्हापासून तीनदा जेवताना सांगितलं तुला, मी वेगळी राहणार आहे म्हणून. तू स्क्रीनमधून डोकं वर काढलं नाहीस. मग म्हटलं, हा जिथे बघतो तिथेच लिहावं."

तिने सुई उशीत खोचली आणि चष्मा काढला.

"आता कर बंद. खोली मिळाली."