बॅकअपचा दिवा

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी दिग्रसच्या जिनिंगमधला कॉम्प्युटर बंद पडला. आवारात कापसाच्या गाड्यांचे भोंगे वाजत होते आणि ऑपरेटर राखीची भिस्त बॅकअपच्या डिस्कवर होती. डिस्कचा दिवा मात्र लागेना. वायर बदलली, कॉम्प्युटर बदलला, नवससुद्धा बोलून झाला. "झालं काय वं?" मालकीण हंसाकाकू पुन्हा डोकावल्या. राखीनं डिस्क उजेडात धरली. वायर खुपसायच्या भोकात लाल काहीतरी दिसलं. खंडेनवमीला काकूंनी वजनकाट्यासोबत डिस्कचीही पूजा केली होती. तेव्हाचंच ते कुंकू. राखीनं श्वास रोखून टाचणीनं ते उकरलं. दिवा लुकलुकला, एकेक नोंद परत आली. काकूंनी डिस्कला हात जोडले. "पाह्यलं? पूजा केलती म्हणून वाचलं!" म्हणत त्यांनी कुंकवाची चिमूट पुन्हा डिस्ककडे नेली. राखी झटकन आडवी आली. आपलं कपाळ पुढं करून म्हणाली, "काकू, आता मलेच लावा."