शरयूचं हसू

हेमांगीने ओल्या मातीचा चेहरा पुन्हा मुठीने चेपून टाकला. शरयूचा भाऊ दारातच थबकला. बहीण गेल्यावर तिचा पुतळा घडवायचं काम त्याने तिच्या कॉलेजच्या मैत्रिणीकडे, हेमांगीकडेच दिलं होतं.

“चांगला होता की, ताई!”

“शरयूने केला असता तर याहून सरस झाला असता.”

आयुष्यभर हेमांगी हेच म्हणत आली होती. शरयूचं प्रत्येक प्रदर्शन पाहून ती घरी यायची आणि स्वतःचं काम मोडून टाकायची.

“सरस नको,” तो म्हणाला. “फोटोत ती कधी हसलीच नाही. तुम्ही तिचं हसू पाहिलंय, तेवढं द्या.”

तो गेल्यावर हेमांगीने माती हातात घेऊन डोळे मिटले. शरयूने घडवलेले पुतळे एकेक करून समोर आले, त्यांच्या पापण्या, बोटं, पदराच्या चुण्यासुद्धा. शरयू मात्र आली नाही. प्रत्येक उद्घाटनाला ती पुढे येऊन हेमांगीचा हात धरायची, हसायचीही बहुतेक. हेमांगी तेव्हा तिच्या खांद्यावरून मागचा पुतळा बघत असायची.

आता बरोबरी करायला कुणी उरलं नव्हतं. हेमांगी मातीच्या हातांनीच तोंड झाकून रडली. मैत्रीण गेल्याचं तिला आज कळलं.