पांढरी पिल्लं

सुरमीनं दोन्ही पिंजऱ्यांतली बटेराची पंधरा दिवसांची पिल्लं तळहातावर जोखून पाहिली. तपकिरी भारी लागत होती, पांढरी हलकी.

"तपकिरीच न्या, ताई," पिल्लं विकणारे सुर्वेकाका म्हणाले. "तीन आठवड्यांत अंगावर मांस धरतात. पांढरी तेवढी भरत नाहीत."

सुरमीला ते दिसतच होतं. पण रानातला लावा हुबेहूब या तपकिरी बटेरासारखा दिसतो, आणि त्याला धरायला बंदी आहे. त्यांचं घर फासेपारध्याचं; सासरा फासे लावून पाखरं धरायचा. नवऱ्यानं आयुष्यात कधी फासा हातात घेतला नव्हता, तरी गेल्या साली दुसऱ्याच कुणी मारलेल्या सशापायी वनरक्षकांनी आधी त्यालाच उचललं होतं.

"पावती देतो की मी," काका म्हणाले.

"आमच्या हातातली पावती कोण वाचतंय, काका?"

तिनं दोनशे पांढरी मागितली.

टेम्पो लावून नवरा आत आला. खोक्यातली पिल्लं बघून थबकला. "तपकिरी घ्यायची ठरली होती ना?"

"मला ही आवडली," सुरमी म्हणाली.

त्यानं एकदा तपकिरी पिल्लांच्या पिंजऱ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग पहिलं खोकं खांद्यावर घेतलं.